हसू अडकतं तिथेच सिनेमा सुरू होतो: हॉरर, कॉमेडी आणि उपहास

एपिसोड ऐकण्याऐवजी लोकलमध्ये उभ्या उभ्या वाचणाऱ्यांसाठी ही आजच्या गप्पांची लेखी आवृत्ती. बोलतानाचे 'अं' आणि 'म्हणजे कसं ना' काढलेत, बाकी सगळं तसंच आहे. एक सूचना आधीच देतो: 'गेट आउट' आणि 'स्त्री' बघितले नसतील, तर पुढे स्पॉयलर आहेत.

सुरुवात एका वादापासून करू. जॉर्डन पीलचा 'गेट आउट' २०१७ साली आला. गोऱ्या गर्लफ्रेंडच्या आईवडिलांना भेटायला गेलेला एक कृष्णवर्णीय फोटोग्राफर आणि त्या घरात लपलेलं एक भयंकर गुपित, अशी ती गोष्ट. हा सिनेमा गोल्डन ग्लोबसाठी 'म्युझिकल किंवा कॉमेडी' या विभागात गेला आणि लोक भडकले. यात विनोदी काय आहे? पीलने त्यावर एका ओळीत टोला हाणला, की हा सिनेमा म्हणजे माहितीपट आहे. गंमत अशी, की पील स्वतः मूळचा कॉमेडियन. स्केच कॉमेडीमध्ये नाव कमावून तो इकडे आला. मग हा हॉरर की कॉमेडी? माझ्या मते हा प्रश्नच चुकीचा आहे. का, ते बघू.

आपल्याकडे जुन्या काव्यशास्त्रात या दोघांचं जमत नाही असं मानलंय. विश्वनाथाच्या 'साहित्यदर्पणा'त हास्याचे विरोधी रस म्हणून भयानक आणि करुण यांची नावं येतात. पण दोघांची यंत्रणा बघितली तर ते सख्खे भाऊ वाटतात. आधी अपेक्षा तयार करा, मग ताण वाढवा, थोडं थांबवा आणि मग अनपेक्षित काहीतरी समोर आणा. जंप स्केअर असो की पंचलाइन, टायमिंग अर्धा सेकंद चुकलं की दोन्ही फुस्स. कोडच्या भाषेत सांगायचं तर फंक्शन एकच आहे, फक्त शेवटी रिटर्न होणारी व्हॅल्यू वेगळी. एकात किंकाळी, दुसऱ्यात खिदळणं.

मग फरक कशाने पडतो? नोएल कॅरल या तत्त्वज्ञाने १९९९ साली यावर एक निबंध लिहिला. त्याचं म्हणणं साधारण असं: राक्षस आणि विदूषक दोघंही आपल्या डोक्यातले ठरलेले कप्पे मोडतात. मेलेला माणूस चालतो, बाहुला बोलतो. अशा गोष्टीपासून धोका वाटला की आपण घाबरतो. धोका काढून घेतला की तीच गोष्ट हास्यास्पद होते.

'झपाटलेला' आठवा. महेश कोठारेंचा १९९३ चा सिनेमा, 'चाइल्ड्स प्ले' या १९८८ च्या इंग्रजी सिनेमावरून सुचलेला. तात्या विंचू नावाच्या गुंडाचा आत्मा बाहुल्यात शिरतो आणि लक्ष्याच्या मागे लागतो. लहानपणी रात्री त्या बाहुल्याची भीती वाटायची, आणि दिवसा आपणच त्याची नक्कल करून घर डोक्यावर घ्यायचो. बाहुला तोच. रामदास पाध्ये यांनी घडवलेला. बदलायचं ते फक्त आपलं धोक्याचं गणित.

पण 'झपाटलेला' उपहास नाही, आणि तसा त्याचा दावाही नाही. तात्या विंचू कोणाचं प्रतीक वगैरे नाही. सिनेमा संपला की भीतीही संपली. उपहासात्मक हॉररमध्ये तिसरा थर येतो: धोका खरा असतो आणि तो थिएटरच्या बाहेर असतो.

'स्त्री' घ्या. अमर कौशिकचा २०१८ चा सिनेमा. कर्नाटकात १९९० च्या दशकात पसरलेल्या 'नाळे बा' या अफवेवरून सुचलेला. 'नाळे बा' म्हणजे कन्नडमध्ये 'उद्या ये'. भूत दारावर लिहिलेलं वाचेल आणि परत जाईल, म्हणून लोक दारावर तसं लिहायचे. सिनेमात चंदेरी गावात उत्सवाच्या दिवसांत स्त्री पुरुषांना पळवते. म्हणून पुरुषांनी अंधार पडायच्या आत घरी यायचं, एकटं फिरायचं नाही, मागून कोणी हाक मारली तर वळून बघायचं नाही. शिवाय पंकज त्रिपाठीचं पात्र समजावतं, की ही स्त्री जबरदस्ती करत नाही. ती हाक मारते, पुरुषाने वळून पाहिलं तरच पुढचं पाऊल टाकते.

आम्ही फ्लॅटवर सहा-सात जणांनी हा सिनेमा एकत्र बघितला होता. मुलं घरात कोंडून घेतात त्या भागात आम्ही लोळून हसत होतो. टीममधली एक मैत्रीण शांतपणे म्हणाली, "यात जोक काय आहे? हे तर माझ्या आईचे रोजचे नियम आहेत." खोलीत दोन सेकंद कोणी बोललं नाही. थोड्या वेळाने ती निघाली तेव्हा आमच्यापैकीच कोणीतरी नेहमीच्या सवयीने म्हणालं, "पोचलीस की मेसेज कर." यावर ती हसली. आम्हाला मात्र हसता आलं नाही.

उपहास असा काम करतो. नियम तेच, फक्त लागू कोणाला होतात ते उलटं केलं. पुरुषांवर ते नियम विनोदी दिसतात, कारण आपल्याला त्यांची सवय नाही. आणि ज्यांना सवय आहे त्यांच्यावर ते विनोदी का दिसत नाहीत, हा प्रश्न हसणाऱ्याच्या गळ्यात पडतो.

आता परत 'गेट आउट'कडे येऊ. पार्टीतले गोरे पाहुणे नायक क्रिसशी बोलतात ते सीन पहिल्यांदा बघताना अवघडून हसू येतं. कोणी त्याचा दंड चाचपून बघतं, कोणी टायगर वूड्सचा विषय काढतं. सासरेबुवा तर सांगतात, की जमलं असतं तर ओबामांना तिसऱ्यांदाही मत दिलं असतं. नंतर कळतं, की पाहुणे मालाची पारख करत होते. क्रिसच्या शरीराचा लिलाव व्हायचा होता. सिनेमा दुसऱ्यांदा बघा, त्याच संवादांनी अंगावर काटा येतो. एक शब्दही बदललेला नसतो.

आणि शेवट. रक्ताने माखलेला क्रिस रस्त्यावर, शेजारी गोळी लागलेली गोरी मुलगी, आणि दूरून गाडीचे लाल-निळे दिवे. क्रिस हात वर करतो. इथे प्रेक्षकाचं काळीज थांबतं. पण थांबा, संकटात पोलीस आले तर हायसं वाटायला हवं ना? ते वाटत नाही, कारण पुढे काय होईल हे आपल्याला बातम्यांनी शिकवलंय. मग दार उघडतं, त्यावर 'एअरपोर्ट' लिहिलेलं असतं आणि आतून उतरतो विमानतळावर सुरक्षा तपासणी करणारा मित्र रॉड, सिनेमाभर हसवणारा. सगळे सुटकेचं हसतात. पीलने आधी चित्रित केलेल्या शेवटात मात्र खरे पोलीस येतात आणि क्रिस तुरुंगात जातो. म्हणजे हसवणारा शेवट आतला न हसवणारा शेवट पोटात घेऊनच येतो.

हे तंत्र फसतंही. 'स्त्री'त संमतीबद्दल इतकं नेमकं बोलून झाल्यावर मध्येच 'कमरिया'सारखं आयटम साँग येतं आणि कॅमेरा तेच करतो ज्यावर सिनेमा टीका करतोय. तिथे उपहास सुटतो आणि उरते ती फक्त मजा.

म्हणून माझी एक साधी टेस्ट आहे. पुढचा हॉरर-कॉमेडी बघताना एखाद्या सीनला हसू आलं, की तो सीन विनोदाशिवाय मनात चालवून बघा. काहीच उरलं नाही, तर ती छान करमणूक, पॉपकॉर्न संपवा. उरलेली गोष्ट कोणाच्या तरी रोजच्या आयुष्यातली निघाली, तर तो उपहास. आणि अशा वेळी पडद्यापेक्षा आजूबाजूला बघा, कोण हसत नाहीये.

आज एवढंच. पुढच्या एपिसोडमध्ये भेटू, तोवर दाराला कडी लावा!