*बॅटरी फेकण्याआधी हे तपासा*



गेल्या आठवड्यात एका सभासदाच्या शेतात गेलो. ट्रॅक्टर उतारावर उभा, चाकाखाली दगड. "बॅटरी उतरलीय साहेब, नवीन घ्यायला आत्ता पैसे नाहीत. दगड काढला की गाडी चालू." दगड निसटला आणि पुढे पोरं खेळत असली तर? म्हणून हा मेसेज.

त्यांची बॅटरी गेलेली नव्हती. टर्मिनलवर पांढरी बुरशी आणि आत पाणी कमी, एवढंच. साफ केली, रात्रभर चार्जिंगला लावली, सकाळी सेल्फ उचलला.

*आधी हे करा*
१. इंजिन बंद करून आधी काळी (−) वायर काढा, मग लाल (+). बसवताना उलट, काळी शेवटी.
२. झाकणं बंद ठेवून ग्लासभर पाण्यात चमचाभर खायचा सोडा घालून टर्मिनल ब्रशने घासा. पुसून, वायर घट्ट आवळून वरून व्हॅसलीन लावा.
३. पाणी खुणेपर्यंत भरा, फक्त डिस्टिल्ड वॉटर. बोअरचे क्षार ड्रिप बुजवतात, तसेच प्लेटाही खराब करतात. ॲसिड ओतू नका.
४. मल्टीमीटर लावा. गाडी बंद असताना १२.६ व्होल्टच्या आसपास म्हणजे फुल. १२ च्या खाली म्हणजे उतरलेली. गाडी चालू असताना साधारण १४ दिसायला पाहिजे. नसेल तर दोष चार्जिंगचा आहे, नवी बॅटरीही उतरणार.

*दुसऱ्या गाडीवरून चालू करताना*
दोन्ही बॅटऱ्या १२ व्होल्टच्याच हव्यात. क्रम: लाल वायर आधी उतरलेल्या बॅटरीच्या + ला, मग चांगलीच्या +ला. काळी चांगलीच्या − ला, आणि तिचं शेवटचं टोक बंद गाडीच्या इंजिनच्या उघड्या लोखंडाला, बॅटरीपासून लांब. कारण बॅटरीतून पेट घेणारा गॅस निघतो, ठिणगी पडली तर बॅटरी फुटते. म्हणून जवळ बिडी नको, पाणी बघायला लायटर तर मुळीच नको, टॉर्च घ्या. ॲसिड डोळ्यात उडालं तर किमान १५ मिनिटं स्वच्छ पाण्याने धुवा आणि लगेच दवाखाना गाठा.

ट्रॅक्टर महिनाभर उभा राहणार असेल तर काळी वायर काढून ठेवा. आणि इंजिन बंद असताना टेप लावू नका!

एवढं करूनही रात्रभर चार्ज केलेली बॅटरी दुसऱ्या दिवशी उतरत असेल, तर मात्र बदला. जुनी दुकानात परत द्या, पैसे वजा होतात.

तुमचा कृषी सल्लागार