दृक्‌फितींचे तबकडीवर प्रतिमुद्रण

चुंबकीय फितीवर सदृश संकेतांच्या रूपात मुद्रित केलेली चित्रे व ध्वनी यांचे अंकीय संकेतांत रूपांतर करून ते प्रकाशीय तबकडीवर (डीव्हीडी) किंवा संगणकाच्या स्मृतीत साठविण्याच्या क्रियेला दृक्‌फितींचे प्रतिमुद्रण म्हणतात. फितीवरील चुंबकीय थर कालांतराने खराब होतो, तसेच फीत चालविणारी यंत्रेही दुर्मिळ झाली आहेत. या दोन कारणांमुळे घरगुती फितींच्या बाबतीत ही क्रिया वेळेत होणे महत्त्वाचे ठरते.

पार्श्वभूमी : घरगुती वापरासाठी जपानमध्ये सोनी कंपनीने १९७५ साली बीटामॅक्स व जेव्हीसी कंपनीने १९७६ साली व्हीएचएस ही पद्धती बाजारात आणली. यांपैकी व्हीएचएस अधिक प्रसार पावली. लहान कॅमेऱ्यांसाठी ८ मिमी. रुंदीच्या फितीची पद्धती १९८५ मध्ये आली. भारतात १९८२ साली रंगीत दूरचित्रवाणी सुरू झाल्यानंतर व्हिडिओ यंत्रांचा प्रसार वाढला. लग्न, मुंज, बारसे, साठीशांत यांसारख्या प्रसंगांचे चित्रण व्यावसायिकांकडून करून घेण्याची प्रथा महाराष्ट्रातही रूढ झाली. अनेक कुटुंबांत दिवंगत व्यक्तींची हालचाल व आवाज यांचा एकमेव पुरावा म्हणजे अशी एखादी फीत असते. व्हीएचएस यंत्रांचे उत्पादन दीर्घकाळ चालू ठेवणाऱ्या फुनाई या जपानी कंपनीनेही ते २०१६ मध्ये थांबविले.

फितीवरील मुद्रण : व्हीएचएस फीत १२.७ मिमी. रुंद असून ती पॉलिएस्टराची असते. तिच्यावर लोहाच्या ऑक्साइडाचे सूक्ष्म कण बंधक द्रव्याने बसविलेले असतात. भारतातील पाल पद्धतीत फीत सेकंदाला फक्त सु. २.३४ सेंमी. पुढे सरकते, परंतु चुंबकीय शीर्षे बसविलेले ६२ मिमी. व्यासाचे पिंप सेकंदाला २५ फेरे करते. पिंप तिरपे असल्याने फितीवर एकापुढे एक तिरके माग उमटतात व प्रत्येक मागात चित्राचे एक क्षेत्र (अर्धे चित्र) मुद्रित होते. मागाची रुंदी सु. ०.०४९ मिमी. असते. त्यामुळे फितीला पडलेली लहानशी चुणी किंवा धुळीचा कण यांमुळेही चित्रात पांढऱ्या रेघा दिसतात. साधा ध्वनी फितीच्या वरच्या कडेस व गतिनियंत्रक संकेत खालच्या कडेस असतो. म्हणून कडा चुरगळल्यास आवाज जातो किंवा चित्र स्थिर राहत नाही. [→ चुंबकीय ध्वनिमुद्रण].

फितीचा ऱ्हास : दमट हवेत बंधक द्रव्याचे जलीय विच्छेदन होऊन थर चिकट बनतो व त्याचे कण शीर्षांवर साचतात. मुंबई व कोकणासारख्या प्रदेशांत पावसाळ्यात फितीच्या गुंडाळीवर पांढरी बुरशी येते. अशी फीत तशीच चालविल्यास बुरशी यंत्रात पसरून पुढच्या फितींनाही लागते. यासाठी ती आधी कोरडी करून जाणकाराकडून स्वच्छ करून घ्यावी लागते. फीत लाऊडस्पीकरासारख्या चुंबक असलेल्या वस्तूंपासून दूर, कोरड्या व थंड जागी, उभी ठेवणे हितावह असते.

प्रतिमुद्रणाची क्रिया : प्रथम कॅसेटच्या कडेची प्लॅस्टिकची संरक्षक पट्टी मोडून टाकतात, म्हणजे चुकून फीत पुसली जात नाही. नंतर फीत एकदा पूर्ण पुढे व मागे गुंडाळून तिचा ताण सारखा करतात आणि यंत्राची शीर्षे साफ करतात. यंत्रातून येणारा संकेत संगणकाला जोडलेल्या रूपांतरकाकडे नेतात. दीप्ती व वर्ण हे संकेत वेगवेगळ्या तारांतून नेल्यास चित्र अधिक स्वच्छ मिळते. फितीच्या गतीतील सूक्ष्म चढउतारांमुळे चित्रातील उभ्या रेषा थरथरतात. कालपाया-सुधारक हे साधन प्रत्येक ओळ योग्य क्षणी सुरू करून हा दोष घालविते. परदेशस्थ आप्तांनी अमेरिकेतून पाठविलेल्या फिती एनटीएससी पद्धतीच्या (५२५ ओळींच्या) असतात. पाल पद्धती ६२५ ओळींची असल्याने त्यांसाठी दोन्ही पद्धती चालविणारे यंत्र लागते.

रूपांतरक संकेताचे ठराविक अंतराने मापन करून प्रत्येक मापास अंक देतो. पाल चित्र साधारणतः ७२० × ५७६ बिंदूंत साठवितात. संकोचन न केल्यास एका तासाच्या चित्रणास सु. ७५ गिगॅबाइट, म्हणजे ४.७ गिगॅबाइट क्षमतेच्या जवळजवळ सोळा तबकड्या लागतील. म्हणून डीव्हीडीसाठी एमपेग-२ पद्धतीने संकोचन करतात. या पद्धतीत लागोपाठच्या चित्रांतील न बदलणारा भाग पुन्हा साठविला जात नाही. दोन तासांचे चित्रण एका तबकडीवर बसविण्यासाठी सेकंदाला सरासरी सु. ५० लाख बिट एवढीच माहिती ठेवता येते. याहून अधिक वेळ बसविल्यास हालचालींच्या जागी चौकोनी ठिपके दिसू लागतात. रूपांतर फितीच्या प्रत्यक्ष कालावधीतच होते. तीन तासांच्या फितीला तीन तास लागतात. फितीवर जो तपशील मुळातच नाही तो अंकीकरणाने निर्माण होत नाही.

जतन : घरी लिहिता येणाऱ्या सामान्य डीव्हीडीत कार्बनी रंजकाचा थर असतो. उष्णता व ऊन यांनी तो फिकट होतो, म्हणून तबकडी हेही कायमचे साधन नव्हे. तबकडी वाचणारी यंत्रेही नव्या संगणकांत सहसा नसतात. यासाठी कमी संकोचनाची मूळ प्रत संगणकाच्या दोन स्वतंत्र चकत्यांवर ठेवून त्यांपैकी एक दुसऱ्या घरी ठेवणे, दर काही वर्षांनी ती तपासून नव्या साधनावर उतरविणे आणि तबकडी केवळ पाहण्यासाठी वापरणे, ही पद्धत सुरक्षित मानली जाते. प्रतिमुद्रणानंतरही मूळ फीत टाकून देऊ नये. पुढे अधिक चांगल्या यंत्रावर ती पुन्हा वाचता येण्याची शक्यता असते.

प्रतीसोबत प्रसंग, स्थळ, साल व दिसणाऱ्या व्यक्तींची नावे लिहून ठेवणे आवश्यक असते. ही माहिती फितीवर नसते. ती घरातील वडीलधाऱ्यांच्या स्मरणात असते आणि त्यांच्यासमवेत चित्रण पाहूनच मिळविता येते.