निळी कोंबडी आणि शून्य-एकचं गणित

आपल्यापैकी बऱ्याच जणांनी बारावीला बायोलॉजीला रामराम ठोकून इलेक्ट्रॉनिक्स घेतलं. मीही त्यातलाच. मग मेकॅनिकलचा विद्यार्थी कोंबडीच्या पिसांवर का लिहितोय, असं तुम्हाला वाटेल. पण या गोष्टीत एक इंजिनिअरही आहे. त्याच्याकडे येतोच.

आधी एक साधा प्रश्न. काळा आणि पांढरा ऑइलपेंट एकत्र ढवळला की राखाडी रंग होतो. त्या डब्यातून पुन्हा काळा आणि पांढरा वेगळा काढता येईल? अर्थातच नाही. आता रंगाऐवजी कोंबड्या घ्या.

स्पेनच्या अँडालुशिया प्रांतावरून नाव पडलेली 'अँडालुशियन' कोंबडी तिच्या निळ्या रंगासाठी प्रसिद्ध आहे. निळा म्हणजे मोरपंखी नव्हे, पाटीच्या दगडासारखा करडा-निळसर. या जातीचा काळा कोंबडा आणि पांढुरक्या अंगावर काळसर शिंतोडे असलेली 'स्प्लॅश' कोंबडी यांची जोडी लावली, तर सगळी पिल्लं निळी निघतात. झालं ना पेंटसारखंच? पण थांबा! आता निळ्या कोंबड्याला निळीच कोंबडी द्या. सरासरी १६ पिल्लांत ४ काळी, ८ निळी आणि ४ स्प्लॅश निघतात. डब्यातला रंग चक्क वेगळा झाला की!

यामागचं गणित आपल्या ओळखीचं आहे. पिल्लाला रंगाच्या या जीनची एक प्रत बापाकडून मिळते, एक आईकडून. काळा रंग फिका करणाऱ्या प्रतीला १ म्हणा, न करणाऱ्या प्रतीला ०. मग ०० म्हणजे काळी, ११ म्हणजे स्प्लॅश आणि ०१ म्हणजे निळी. पिसात निळा रंग असा नसतोच. काळं रंगद्रव्यच एका प्रतीने फिकं होतं आणि दोन प्रतींनी जवळजवळ जातं. निळ्या आईबापांकडून ००, ०१, १० आणि ११ अशा चार जोड्या सारख्याच शक्यतेने जमतात, म्हणून १:२:१.

यालाच अपूर्ण प्रभुत्व म्हणतात. दोन प्रतींपैकी कुणीच दुसरीला पूर्ण झाकत नाही. आपल्याकडच्या पोल्ट्रीवाल्यांना माहीत असलेल्या व्हाइट लेगहॉर्नचा पांढरा रंग वेगळ्या जीनमुळे येतो. त्याची एकच प्रत काळ्याला जवळपास पूर्ण झाकते.

आता आपला इंजिनिअर. फ्लेमिंग जेन्किन हा समुद्राखालच्या टेलिग्राफ केबलवर काम करणारा माणूस. १८६७ साली त्याने डार्विनच्या सिद्धांतावर परीक्षण लिहिलं. आईबापांचे गुण पेंटसारखे मिसळतात, असंच तेव्हा सर्रास मानलं जाई. जेन्किनचा मुद्दा थोडक्यात असा : एखाद्यात नवा चांगला गुण आला, तरी इतरांशी मिसळून तो पिल्लांत निम्मा होणार, नातवंडांत पाव. दहाव्या पिढीत उरेल १०२४ वा हिस्सा. मग निसर्ग निवडणार काय, कपाळ? डार्विननेही हा आक्षेप गंभीरपणे घेतला.

गंमत म्हणजे उत्तर एक वर्ष आधीच, १८६६ साली, छापून आलं होतं. मेंडेलच्या वाटाण्यांवरच्या निबंधात! पण १९०० पर्यंत त्याकडे फारसं कुणी पाहिलंच नाही. पुढे इंग्लंडमध्ये बेटसन आणि पनेट यांनी कोंबड्यांवर प्रयोग केले. मेंडेलचा नियम निळ्या कोंबडीलाही लागू पडला, आणि दिसायला मिश्रण असलं तरी आतल्या प्रती शाबूत राहतात हे स्पष्ट झालं. दहा पिढ्यांनंतरही १ हा १ च राहतो, १०२४ वा भाग होत नाही.

याचा फटका बसतो तो निळ्या कोंबड्यांचा शुद्ध वाण तयार करू पाहणाऱ्याला. दर पिढीत काळी आणि स्प्लॅश पिल्लं बाजूला काढून फक्त निळी ठेवली, तरी पुढच्या पिढीत पुन्हा सरासरी निम्मीच निळी. शंभर पिढ्या केलं तरी तेच. सगळी निळी पिल्लं हवीत? मग 'भेसळ' म्हणून बाजूला काढलेल्या त्या काळ्या आणि स्प्लॅशचीच जोडी लावा!

म्हणजे कोंबडी बाहेरून ॲनालॉग दिसली, तरी आतून पक्की डिजिटल असते. केबलवर काम करणाऱ्या जेन्किनला हे नक्की आवडलं असतं.