हाडांच्या स्कॅनमागचे युरेनियम

कर्करोग हाडांपर्यंत पोहोचला आहे का, हृदयाच्या स्नायूला पुरेसे रक्त मिळते का, दोन मूत्रपिंडांपैकी कोणते किती काम करते, अशा प्रश्नांची उत्तरे शोधताना डॉक्टर रुग्णाला अनेकदा न्यूक्लिअर मेडिसिन विभागात पाठवतात. तिथे शिरेतून एक इंजेक्शन दिले जाते आणि मग गॅमा कॅमेऱ्याखाली झोपवले जाते. त्या इंजेक्शनात बहुतेक वेळा टेक्नेशियम-९९एम हा किरणोत्सारी पदार्थ असतो. जगभरात दरवर्षी तीन कोटींच्या आसपास तपासण्या त्याच्या आधारे होतात.

रुग्णाला सहसा माहीत नसलेली गोष्ट अशी, की हे औषध कित्येक दशके प्रामुख्याने अणुबॉम्बला चालेल अशा युरेनियमपासून तयार होत होते. ते बदलण्यासाठी सरकारी पैसा, कायदे आणि भरपूर चिकाटी लागली.

सहा तासांचे औषध

टेक्नेशियम-९९एमचे अर्धायुष्य फक्त सहा तास आहे. सकाळी असलेला साठा दुपारी निम्मा आणि रात्रीपर्यंत पाव होतो. रुग्णाच्या दृष्टीने ही सोय आहे, कारण किरणोत्सर्ग शरीरात फार काळ राहत नाही. पण अशा औषधाचा साठा करता येत नाही. म्हणून रुग्णालयात त्याचा जनक पाठवतात, तो म्हणजे मॉलिब्डेनम-९९. त्याचे अर्धायुष्य ६६ तास आहे. शिशाच्या जाड आवरणातल्या जनित्रात तो ठेवलेला असतो. त्यातून सलाइन सोडले की तयार झालेले टेक्नेशियम बाहेर येते. दररोज दूध काढावे तसे काढायचे, म्हणून या जनित्राला तज्ज्ञ गमतीने ‘गाय’ म्हणतात.

मॉलिब्डेनम मिळवण्यासाठी युरेनियमच्या छोट्या पट्ट्या काही दिवस अणुभट्टीत ठेवतात. युरेनियम-२३५चे अणू फुटतात आणि दर शंभर विखंडनांमागे सुमारे सहा वेळा मॉलिब्डेनम-९९ तयार होतो. मग पट्ट्या विरघळवून तो वेगळा काढायचा.

नैसर्गिक युरेनियममध्ये युरेनियम-२३५चे प्रमाण जेमतेम ०.७ टक्के असते. ते २० टक्के किंवा त्याहून जास्त केले की युरेनियम ‘उच्च समृद्ध’ ठरते. मॉलिब्डेनम बनवणारे मोठे उत्पादक सुमारे ९३ टक्क्यांचे, म्हणजे थेट शस्त्राच्या दर्जाचे युरेनियम वापरत होते. प्रमाण जास्त असेल तर लहान पट्टीतून जास्त उत्पादन मिळते आणि कचरा कमी होतो.

कचऱ्यातला धोका

या उद्योगाला एकेकाळी वर्षाला ४० ते ५० किलो असे युरेनियम लागत असे. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्था एका बॉम्बची शक्यता मोजताना २५ किलो युरेनियम-२३५ हा मापदंड धरते. म्हणजे दरवर्षी जवळपास दोन बॉम्बचा माल औषधासाठी देशोदेशी फिरत होता. त्यातला फारच थोडा भाग भट्टीत खर्च होई. उरलेला कचऱ्यात साठत जाई. सुरुवातीला त्या कचऱ्याजवळ जाणेही धोक्याचे असते. वर्षे उलटतात तशी त्याची प्रखरता उतरते आणि चोरणे सोपे होत जाते.

ही भीती निव्वळ कागदावरची नव्हती. नोव्हेंबर २००७ मध्ये दक्षिण आफ्रिकेतील पेलिंडाबा अणुकेंद्रात सशस्त्र टोळ्या घुसल्या, आपत्कालीन नियंत्रण कक्षापर्यंत पोहोचल्या आणि एका कर्मचाऱ्याला गोळी लागली. युरेनियमला हात लागला नाही, पण जगातला मोठा मॉलिब्डेनम उत्पादक याच आवारात आहे.

डॉक्टरांची रास्त काळजी

कमी समृद्ध युरेनियम वापरा, असे सांगणे सोपे होते. अमेरिकेच्या ऊर्जा खात्याने १९७८ पासून संशोधन भट्ट्यांचे इंधन बदलण्याचा कार्यक्रम चालवला आणि त्यासाठी दाट युरेनियमच्या नव्या पट्ट्या विकसित केल्या. १९९२ च्या कायद्याने उच्च समृद्ध युरेनियमच्या निर्यातीवर अटी आल्या. पण औषधाचा पुरवठा तुटेल, या युक्तिवादावर २००५ मध्ये त्या सैल झाल्या.

ती काळजी खोटी नव्हती. मे २००९ मध्ये कॅनडातील चॉक रिव्हरची जुनी भट्टी गळतीमुळे बंद पडली, ती पंधरा महिने. त्याच काळात नेदरलँड्समधील पेटनची भट्टीही दुरुस्तीसाठी थांबली. अनेक देशांत तपासण्या पुढे ढकलाव्या लागल्या. अशा नाजूक साखळीत बदल करायचा तर खर्च कोणी सोसायचा, हा खरा प्रश्न होता.

अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या समितीने २००९ मध्ये उत्तर दिले : बदल तंत्रदृष्ट्या शक्य आहे आणि बहुतेक मोठ्या उत्पादकांचा खर्च सरासरी दहा टक्क्यांहून कमी वाढेल. मग सरकारने दोन्ही बाजूंनी जोर लावला. उत्पादकांना तंत्रज्ञान आणि निधी दिला. २०१३ पासून मेडिकेअर या आरोग्य विम्यातून उच्च समृद्ध युरेनियम न वापरता बनवलेल्या प्रत्येक डोसमागे दहा डॉलर जादा द्यायला सुरुवात केली. त्याच वर्षी लागू झालेल्या कायद्याने निर्यात टप्प्याटप्प्याने बंद करण्याचे ठरले आणि जानेवारी २०२२ पासून ती थांबली. दक्षिण आफ्रिकेने २०१० मध्येच नव्या पद्धतीचा माल मोठ्या प्रमाणावर पाठवायला सुरुवात केली होती. बेल्जियमच्या उत्पादकाने २०२३ मध्ये बदल पूर्ण केला.

तेहरानची भट्टी

औषध आणि शस्त्र यांची ही गाठ निर्बंधांच्या राजकारणातही दिसते. तेहरानमधील संशोधन भट्टी अमेरिकेने दिलेली, १९६७ पासूनची. पुढे अर्जेंटिनाच्या मदतीने ती सुमारे २० टक्क्यांच्या इंधनावर आली. तिथे वैद्यकीय समस्थानिके बनतात. २००९ मध्ये तिचे इंधन संपत आले, तेव्हा इराणवर सुरक्षा परिषदेचे निर्बंध होते. इराणने कमी समृद्ध युरेनियम बाहेर पाठवायचे आणि बदल्यात तयार इंधन घ्यायचे, अशी योजना व्हिएन्नात मांडली गेली, पण ती फिसकटली. फेब्रुवारी २०१० मध्ये इराणने स्वतःच २० टक्क्यांपर्यंत समृद्धीकरण सुरू केले. कारण दिले रुग्णांचे. शस्त्राच्या दर्जापर्यंत जाण्यासाठी लागणाऱ्या मेहनतीपैकी सुमारे नऊ-दशांश मेहनत २० टक्क्यांपर्यंतच झालेली असते, म्हणून जग सावध झाले.

आपल्याकडे टेक्नेशियमची जनित्रे वाशीच्या ‘ब्रिट’ या अणुऊर्जा विभागाच्या संस्थेकडून रुग्णालयांत जातात. तुर्भ्याची जुनी ‘अप्सरा’ भट्टी परदेशातून आलेल्या उच्च समृद्ध इंधनावर चालत असे. सप्टेंबर २०१८ मध्ये सुरू झालेली ‘अप्सरा-उन्नत’ कमी समृद्ध इंधनावर चालते आणि तिच्या कामांत वैद्यकीय समस्थानिकांची निर्मितीही आहे.

न घडलेल्या गोष्टीचा हिशेब

२०२४ च्या अर्थसंकल्पात अमेरिकेच्या राष्ट्रीय अणुसुरक्षा प्रशासनाला शस्त्रांच्या कामासाठी सुमारे १९ अब्ज डॉलर आणि अण्वस्त्रप्रसार रोखण्यासाठी सुमारे अडीच अब्ज डॉलर मिळाले. दुसऱ्या रकमेचे फळ दाखवणे अवघड असते, कारण चोरी न होणे, स्फोट न होणे हेच तिचे यश. लसीकरणाचेही असेच आहे. आजार दिसेनासा झाला की त्यावरचा खर्च आधी डोळ्यांत खुपू लागतो.

काम मात्र संपलेले नाही. म्युनिकजवळची २००४ मध्ये सुरू झालेली एफआरएम-२ ही संशोधन भट्टी उच्च समृद्ध इंधनासाठीच बांधली गेली, आणि तिच्या इंधनबदलाची तयारी वर्षानुवर्षे चालू आहे. औषधाच्या बाबतीत तरी एक गोष्ट सिद्ध झाली : युरेनियम कोणत्याही दर्जाचे असो, त्यातून मिळणारे टेक्नेशियम तेच. रुग्णाला तपासणीचा निकाल तोच मिळतो आणि बॉम्बला चालेल असा माल त्यासाठी देशोदेशी फिरवावा लागत नाही.