मोह, हातकागद आणि पाहुण्यांचा एक दिवस

जपानमध्ये पाहुण्यांसाठी एका दिवसाच्या अशा सहली निघतात, ज्यांत सकाळी साके हे तांदळाचे मद्य कसे तयार होते ते पाहायचे आणि दुपारी हातकागदाच्या कारखान्यात जाऊन स्वतःच्या हाताने एक ताव काढायचा. सोबत वाटाड्या असतो, प्रत्येक टप्पा समजावून सांगितला जातो. साकेसाठी तांदूळ घासून त्याचा बाहेरचा थर काढतात, मग तो धुऊन, भिजवून वाफवतात. वाफवलेल्या तांदळाच्या काही भागावर कोजी नावाची बुरशी वाढवतात. तांदळात पिष्ट असते. कोजी त्याची साखर करते आणि त्याच पिंपात, त्याच वेळी, यीस्ट त्या साखरेचे मद्य करते. या दोन क्रिया जोडीने चालतात, म्हणून भट्टीवर न चढवताही साकेतले मद्यार्काचे प्रमाण 20 टक्क्यांच्या आसपास जाऊ शकते. बाटलीत भरण्याआधी पाणी घालून ते बहुधा 15-16 टक्क्यांवर आणतात. हे काम मूळचे हिवाळ्यातले. शेती थंडावली की खेड्यांतले कसबी लोक मद्यशाळांत कामाला जात. हातकागदही थंडीतच चांगला होतो. तुतीच्या कुळातल्या कोझो या झुडपाची आतली साल शिजवायची, गार पाण्यात एकेक काडी वेचून स्वच्छ करायची, कुटून तंतू मोकळे करायचे आणि एका मुळीचा बुळबुळीत रस घातलेल्या पाण्यातून ते जाळीवर झेलायचे. अशा हातकागदाच्या तीन परंपरांना युनेस्कोने 2014 मध्ये आणि साकेच्या कसबाला 2024 मध्ये जागतिक अमूर्त वारशात स्थान दिले.

अशा सहलींची वर्णने वाचली की अमरावती-अकोल्याकडच्या वाचकाच्या मनात एक प्रश्न येणारच: आपल्याकडे हे का नाही? सामग्री तर हाताशी आहे. मेळघाटातल्या धारणी आणि चिखलदरा तालुक्यांत मोहाची झाडे आहेत आणि मोहाशी पिढ्यान्‌पिढ्यांचे नाते असलेला कोरकू समाज आहे. खाली सपाटीवर कापूस आहे, आणि भारतातला हातकागद प्रामुख्याने सुती चिंध्या आणि कापडाच्या कातरणींपासूनच बनतो. शेजारच्या वर्ध्यात तर 1934 मध्ये अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला आणि जे. सी. कुमारप्पांच्या देखरेखीखाली मगनवाडीत तेलघाणीच्या जोडीने हातकागदाचेही प्रयोग झाले. मेळघाटात व्याघ्रप्रकल्प आहे, चिखलदऱ्याला पर्यटक येतातच. तेव्हा एक वाटाड्या नेमावा, एक फलक लावावा, की झाली सहल, असे वाटणे स्वाभाविक आहे. पण जपानच्या उदाहरणातून घ्यायचा धडा नेमका उलटा आहे. तिथली सहल ही साखळीतली शेवटची कडी आहे. तिच्यामागे तीन गोष्टी आधीपासून उभ्या आहेत: कारागिराला कायद्याने दिलेली जागा, कच्च्या मालावरचा भरवसा आणि पर्यटक आला नाही तरी माल घेणारे गिऱ्हाईक. वऱ्हाडात कसब आणि सामग्री आहे, या तीन गोष्टी मात्र अर्ध्यामुर्ध्या आहेत. त्या पुऱ्या न करता सहली सुरू केल्या तर पाहण्यासारखे फारसे उरणार नाही.

पहिली गोष्ट कायद्याची. मार्च-एप्रिलमध्ये मोहाची फुले रात्रीतून गळू लागतात. पहाटे बायका आणि मुले टोपल्या घेऊन ती वेचतात, अंगणात वाळवतात. वाळलेल्या फुलांत साखर भरपूर असते, त्यामुळे ती भाजून-शिजवून खाता येतात, गुरांना घालता येतात, विकता येतात आणि भिजवून, आंबवून, भांड्यावर भांडे ठेवून त्यांची दारूही गाळता येते. साके आंबवून गाळून घेतात, मोहाची दारू वाफ करून थंड करतात, एवढा फरक लक्षात ठेवायला हवा. मोहाची दारू त्यामुळे साकेपेक्षा कडक असते. कोरकूंच्या देवकार्यात आणि मृतांच्या विधींत तिला स्थान आहे. पण इंग्रजी राजवटीने दारूकडे महसूल म्हणून पाहिले. मुंबई इलाख्यात 1878 मध्ये अबकारी कायदा झाला आणि 1892 मध्ये तर खुद्द मोहफुलांसाठी वेगळा कायदा आला. स्वातंत्र्यानंतर 1949 चा दारूबंदी कायदा आला, विदर्भ मुंबई राज्यात आल्यावर पुढे तो इथेही लागू झाला. आज परवान्याशिवाय गाळलेली मोहाची दारू ही कायद्याच्या लेखी हातभट्टी आहे आणि गाळणारा गुन्हेगार आहे. 2021 मध्ये राज्य सरकारने मोहफुले गोळा करण्यावरचे, बाळगण्यावरचे आणि वाहून नेण्यावरचे निर्बंध उठवले, हे चांगलेच झाले. मात्र फूल मोकळे झाले तरी त्यापासून पिढ्यान्‌पिढ्या जे केले जाते ते कसब मोकळे झाले नाही. ज्या कामासाठी पोलीस धाड टाकू शकतात, ते काम पाहुण्यांना दाखवणार कसे?

याबाबतीत जपानचा इतिहास आपल्यापेक्षा फार वेगळा नाही. तिथेही शेतकरी घरी डोबुरोकु नावाचे न गाळलेले तांदळाचे मद्य करत. मेइजी सरकारने 1899 मध्ये घरगुती मद्यनिर्मितीवर बंदी घातली, कारण मद्यकर हा तिजोरीचा मोठा आधार होता आणि घरी होणारे मद्य म्हणजे बुडालेला कर. परवाना हवा तर वर्षाला ठरावीक किमान उत्पादन करावेच लागे आणि ते छोट्या शेतकऱ्याच्या आवाक्याबाहेरचे होते. शंभराहून अधिक वर्षांनी, 2002 च्या विशेष क्षेत्र कायद्यानंतर, निवडक भागांत ही किमान उत्पादनाची अट शिथिल झाली. जो शेतकरी स्वतः तांदूळ पिकवतो आणि घरगुती मुक्कामाची किंवा जेवणाची सोय चालवतो, त्याला थोडे डोबुरोकु करून पाहुण्यांना देण्याची वाट मिळाली. इवाते प्रांतातले तोनो हे गाव या वाटेवरच्या पहिल्या काही गावांपैकी. इथे क्रम पाहण्यासारखा आहे. आधी परवाना बदलला, मग कसब उघड्यावर आले आणि त्यानंतर पाहुणा आला. कर आणि तपासणी राहिली, छोट्या माणसाला दाराबाहेर ठेवणारी अट तेवढी गेली.

एवढे लांब जायचीही गरज नाही. मेळघाटच्या उत्तरेला मध्य प्रदेशाची सीमा आहे आणि कोरकू समाज सीमेच्या दोन्ही बाजूंना राहतो. मध्य प्रदेशात आदिवासी कुटुंबांना स्वतःच्या वापरापुरती मोहाची दारू गाळण्याची मर्यादित मुभा आहे. तिथल्या सरकारने मोहाच्या मद्याला वारसा मद्याचा दर्जा देण्याचे धोरणही आखले आणि अलिराजपूर व दिंडोरी जिल्ह्यांत आदिवासी बचत गटांमार्फत निर्मितीचा प्रयोग सुरू केला. म्हणजे त्याच झाडाचे फूल, तीच पद्धत आणि कित्येकदा नात्यातलीच माणसे. पण पलीकडे ते घरचे काम आणि अलीकडे गुन्हा. गोव्याने काजूच्या फेणीसाठी 2009 मध्ये भौगोलिक मानांकन मिळवले. फेणीची भट्टी दाखवणाऱ्या सहली आज तिथे निघतात, कारण भट्टीवाल्याला लपावे लागत नाही.

यावर सर्वांत गंभीर आक्षेप व्यसनाचा आहे आणि तो झटकून टाकण्यासारखा नाही. मेळघाट हा कुपोषणाने आणि बालमृत्यूने ओळखला गेलेला भाग आहे. दारूची झळ तिथल्या बायकांना सर्वांत आधी बसते. गडचिरोलीत लोकांच्या आंदोलनातून 1993 मध्ये दारूबंदी आली, त्यामागे याच अनुभवाचे बळ होते. वर्धा जिल्ह्यातही दारूबंदी आहे. अशा प्रदेशात दारूला प्रतिष्ठा देण्याची भाषा करणे धोक्याचे आहे, असे कोणी म्हटले तर ते अजिबात चूक नाही. पण दोन गोष्टी वेगळ्या काढायला हव्यात. एक, चोरट्या धंद्यात दारूची तपासणी कोणी करत नाही. 2015 मध्ये मुंबईतल्या मालवणीत विषारी दारूने शंभराहून अधिक माणसे दगावली, ती मिथेनॉलमुळे. असे विष तपासणी नसलेल्या साखळीतच शिरते. दोन, निर्णय कोणी घ्यायचा याचे उत्तर कायद्यातच आहे. धारणी आणि चिखलदरा हे अनुसूचित क्षेत्रातले तालुके आहेत. 1996 च्या पेसा कायद्याने अशा क्षेत्रात मादक पदार्थांच्या विक्रीवर आणि सेवनावर बंदी घालण्याचा किंवा नियंत्रण ठेवण्याचा अधिकार ग्रामसभेच्या हाती ठेवण्याची तरतूद केली आहे. तेव्हा एखाद्या गावच्या ग्रामसभेने, विशेषतः तिथल्या बायकांनी, आमच्या गावात भट्टी नको असे ठरवले, तर विषय तिथेच संपला पाहिजे. त्या गावात पाहुण्यांना मोहाचे लाडू द्यावेत. ज्या गावाला मोजक्या प्रमाणात, तपासणीखाली, गटाच्या नावाने हे काम करायचे असेल, त्याला वाट असावी. सरसकट बंदी आणि सरसकट मोकळीक या दोन्हींत गावाचे मत विचारात घेतले जात नाही, हा दोन्हींतला समान दोष आहे.

दुसरी गोष्ट कच्च्या मालाची. मोहावर वेचणाऱ्याचा हक्क पक्का असेल तरच तो झाड जपेल. फुले नीट दिसावीत म्हणून झाडाखालचा पालापाचोळा जाळण्याची पद्धत अनेक ठिकाणी आहे आणि तिच्यातून जंगलात वणवे पेटतात. 2006 च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजावर गावाची मालकी मान्य केली आहे. अमरावती जिल्ह्यातल्या पायविहीरसारख्या गावाने सामूहिक वनहक्क मिळाल्यावर उजाड झालेले जंगल राखले, सीताफळांची विक्री उभी केली आणि 2014 मध्ये त्याला जैवविविधतेचा पुरस्कारही मिळाला. मोहाच्या बाबतीतही हेच सूत्र लागू पडते. कागदाच्या बाबतीत वऱ्हाडाची स्थिती खरे तर जपानपेक्षा बरी आहे. तिथे कोझोची लागवड इतकी घटली आहे की बऱ्याच हातकागदासाठी साल परदेशातून येते. इथे कापसाचे तंतू, जिनिंगमधली नासाडी आणि शिंप्याकडच्या कातरणी मुबलक. पऱ्हाटी, म्हणजे कापसाची वाळलेली झाडे, तर दर हंगामात शेतात जाळली जाते किंवा चुलीत जाते. पऱ्हाटीचा लगदा सुती चिंध्यांइतका सरस नसला, तरी पुठ्ठा आणि जाड कागद यांच्यासाठी तिचा उपयोग होऊ शकतो.

तिसरी गोष्ट गिऱ्हाइकाची. हातकागदाचे घोडे इथेच अडते. गिरणीतला कागद स्वस्त असताना हातकागद घेणार कोण, हा आक्षेप ग्रामोद्योग संघाच्या काळापासून घेतला गेला आहे. त्याचे उत्तर असे, की हातकागदाने गिरणीच्या कागदाशी वहीच्या पानावर झुंजूच नये. सुती तंतू लांब असतात, त्यात लाकडातले कागद पिवळा पाडणारे द्रव्य नसते. त्यामुळे आम्लमुक्त सुती कागद पिढ्यान्‌पिढ्या टिकतो. जिथे टिकणे हेच मोल आहे, तिथे त्याची जागा आहे. जपानचा अतिशय पातळ हातकागद जगभरच्या संग्रहालयांत जुने दस्तऐवज आणि चित्रे सांधायला वापरला जातो. जपानी नोटांच्या कागदात मित्सुमाता या झुडपाच्या सालीचे तंतू असतात, म्हणजे खुद्द सरकार हे या सालीचे कायमचे गिऱ्हाईक आहे. आपल्याकडेही याचा दाखला आहे. भारताच्या संविधानाची हस्तलिखित हिंदी प्रत पुण्याच्या हातकागद संशोधन केंद्रात बनलेल्या कागदावर लिहिलेली आहे. मग अमरावतीचे संत गाडगेबाबा विद्यापीठ आणि अकोल्याचे डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ यांनी आपली पदवी प्रमाणपत्रे वऱ्हाडी कापसाच्या हातकागदावर छापली, जिल्हा अभिलेखागारांनी जुन्या कागदांच्या दुरुस्तीसाठी तो मागवला, तर एका छोट्या कारखान्याला वर्षभराचे काम पुरेल. पर्यटकाने विकत घेतलेली चार भेटकार्डे हा वरकड लाभ राहील, पोटापाण्याचा आधार राहणार नाही.

आणखी एक शंका अशी, की सहल म्हणजे आदिवासींचे प्रदर्शन. ही भीती खरी आहे, जेव्हा पाहुणा घर पाहायला येतो आणि यजमानाला त्यात काही मत नसते तेव्हा. मेळघाटातल्या लवादा येथे 1990 च्या दशकात उभे राहिलेले संपूर्ण बांबू केंद्र वेगळ्या वाटेने गेले. तिथे येणाऱ्यासमोर कोरकू कारागीर आपल्या कामाचा मालक म्हणून उभा असतो आणि बांबूची वस्तू तिच्या उपयोगासाठी विकली जाते. कामाचा दर आणि वेळ कारागिराने ठरवणे, कोणता विधी दाखवायचा आणि कोणता नाही हे गावाने ठरवणे, वाटाड्या गावातलाच असणे, एवढी पथ्ये पाळली तर पाहुणा प्रेक्षक न राहता गिऱ्हाईक होतो. कोणी असेही म्हणेल की जपानमध्येच साकेचा खप 1970 च्या दशकापासून घसरतो आहे, मग त्यांचे अनुकरण कशाला? खरे आहे; सहलींनी तिथला घसरलेला खप भरून काढलेला नाही. म्हणूनच सहलीला उद्धाराचा मार्ग समजू नये. ज्या मद्यशाळा टिकल्या त्या दर्जा, निर्यात आणि स्थानिक तांदूळ यांच्या बळावर टिकल्या; सहलीने त्यांना ओळख दिली.

तेव्हा मेळघाटात पाहुण्यांचा एक दिवस आखायचा असेल तर कामांचा क्रम ठरलेला आहे. आधी ग्रामसभांचे मत घ्यावे, ज्यांना हवे त्यांच्यासाठी छोट्या प्रमाणाचा परवाना आणि तपासणीची सोय करावी, मोहाच्या झाडांवरचे हक्क कागदावर पक्के करावेत, हातकागदासाठी निदान दोन-तीन संस्थांची कायमची मागणी नोंदवावी. पर्यटन विभागाचा फलक यानंतर लागावा. तोवर वाचकानेही एक करावे: चिखलदऱ्याला जाताना वाळलेली मोहफुले बाजारातल्या दलालाऐवजी गावातल्या बचत गटाकडून घ्यावीत आणि घरच्या लग्नाची पत्रिका छापताना एकदा सुती हातकागदाचा भाव विचारून पाहावा. रोजचे गिऱ्हाईक मिळाले तर हे कसब पर्यटकाची वाट न पाहताही जगेल.