चवदार तळे : पडद्यावर आणि पुस्तकात

जब्बार पटेल यांचा 'डॉ. बाबासाहेब आंबेडकर' (2000) हा चित्रपट नुकताच पाहिला. मामुट्टी बाबासाहेब म्हणून मनोमन पटतात. पण वीरच्या मुलाचे सारे लक्ष महाडच्या प्रसंगाकडेच असणार! 20 मार्च 1927 चे तळे पडद्यावर पाहून अंगावर काटा आला. तरीही काही राहून गेल्यासारखे वाटले.

ते सापडले कॉम्रेड आर. बी. मोरे यांच्या आठवणींत. त्यांचे अपुरे राहिलेले आत्मकथन चिरंजीव सत्येंद्र मोरे यांनी पुढे नेले आहे. दासगाव आमच्या शेजारचे, मोरे तिथलेच. महाडच्या इंग्रजी शाळेने अस्पृश्य म्हणून प्रवेश नाकारला, तेव्हा या पोराने वर्तमानपत्राकडे तक्रार धाडली. प्रवेश मिळाला, पण बसायचे वर्गाबाहेर! महाडच्या परिषदेसाठी बाबासाहेबांमागे लकडा लावणारे पुढे हेच मोरे. चित्रपटाला दोष देत नाही. तीन तासांत सारे कसे मावणार? पण तळ्यापर्यंतची वाट किती वर्षांची होती, हे मला पुस्तकानेच सांगितले. त्यानंतरचा कोर्टातला निकालही 1937 साली लागला.

आमच्या घरात कॉलेजात आलेला मी पहिलाच. पुस्तक वाचल्यापासून दासगाव आले, की एस.टी.च्या खिडकीतून बाहेर पाहतो.