अनाहूत संदेश

अनाहूत संदेश : प्राप्तकर्त्याची मागणी वा संमती नसताना संगणक किंवा दूरध्वनी यांच्या जाळ्यांतून एकाच वेळी असंख्य व्यक्तींना पाठविलेला मजकूर. इंग्रजीत यास ‘स्पॅम’ ही संज्ञा आहे. जाहिरात, आर्थिक फसवणूक व अफवांचा प्रसार ही अशा संदेशांची प्रमुख प्रयोजने होत. काही संदेशांचा कर्ता व हेतू मात्र अद्याप उलगडलेला नाही. ते आंतरजालावरील गूढे म्हणून ओळखले जातात. ‘स्पॅम’ हे मूळचे १९३७ मध्ये अमेरिकेत विक्रीस आलेल्या एका डबाबंद मांसाचे नाव. १९७० मधील एका ब्रिटिश दूरचित्रवाणी प्रहसनात या शब्दाच्या घोषापुढे इतर संभाषण ऐकूच येईनासे होते. त्या साधर्म्यावरून हे नाव रूढ झाले.

इतिहास : आंतरजालापूर्वी हा प्रकार महाराष्ट्रात साखळीपत्रांच्या रूपाने परिचित होता. देवतेच्या नावे आलेल्या पोस्टकार्डाच्या ठराविक प्रती काढून इतरांस पाठवाव्यात, तसे केल्यास लाभ व न केल्यास अनिष्ट घडेल, असा मजकूर त्यात असे. पाठविणाऱ्याचे नाव नसे आणि प्रत काढण्याचे श्रम व टपालखर्च प्राप्तकर्त्यावर पडत. संगणकाने हे श्रम व खर्च जवळजवळ नाहीसे केले. लक्षावधी संदेशांपैकी मोजक्यांना प्रतिसाद मिळाला, तरी पाठविणाऱ्यास ते परवडते. अनाहूत संदेशांच्या वाढीचे मूळ कारण हेच होय.

३ मे १९७८ रोजी गॅरी थुर्क या अमेरिकन विक्रेत्याने आपल्या कंपनीच्या संगणकांची जाहिरात ‘आर्पानेट’ जाळ्यावरील सु. ४०० जणांना पाठविली. हा अशा प्रकारचा पहिला संदेश मानला जातो. एप्रिल १९९४ मध्ये अमेरिकेतील दोन वकिलांनी स्थलांतरितांच्या परवान्यासंबंधीची जाहिरात ‘यूजनेट’वरील हजारो चर्चागटांत प्रसृत केली. तेव्हापासून हा व्यवसायच बनला.

गूढ संदेश : ऑगस्ट १९९६ मध्ये यूजनेटवरील अनेक चर्चागटांत शेकडो विचित्र संदेश येऊन पडले. त्यांच्या शीर्षकावरून ते ‘मार्कोव्हियन पॅरालॅक्स डेनिग्रेट’ या नावाने ओळखले जातात. मजकुरात परस्परसंबंध नसलेल्या शब्दांच्या केवळ रांगा होत्या. ही गुप्तलिपी असावी, असा तर्क काहींनी केला. परंतु कर्ता व हेतू निश्चित झालेला नाही. शीर्षकातील पहिला शब्द रशियन गणितज्ञ अंद्रेई मार्कोव्ह (१८५६–१९२२) यांच्या नावाची आठवण करून देतो. एका घटकानंतर दुसरा येण्याची संभाव्यता मोजून घटकांची साखळी रचण्याची पद्धत त्यांनी मांडली आणि १९१३ मध्ये पुश्किनच्या काव्यातील २०,००० अक्षरांवर ती पडताळून पाहिली. या पद्धतीने यंत्राकरवी मजकूर निर्माण करता येतो. त्यामुळे हे संदेश अशा एखाद्या प्रयोगाचे फलित असावेत, हे स्पष्टीकरण अधिक संभवनीय वाटते.

काही गूढांची उकल अगदी साधी निघते. २०१३ पासून यूट्यूबवर ‘वेबड्रायव्हर टॉर्सो’ या नावाने तांबड्या व निळ्या आयतांच्या हजारो लघुचित्रफिती प्रसृत होत होत्या. तो हेरगिरीचा प्रकार नसून यूट्यूबनेच चालविलेली तांत्रिक चाचणी असल्याचे २०१४ मध्ये निष्पन्न झाले.

निवारण : संदेशातील शब्दांवरून तो अनाहूत असण्याची संभाव्यता काढणाऱ्या गाळण्या वापरात आहेत, त्यांपैकी काही बेझ यांच्या संभाव्यताविषयक सिद्धांतावर आधारलेल्या आहेत. गाळणीस चकविण्यासाठी जाहिरातीत निरुपद्रवी पण असंबद्ध शब्द मिसळले जातात. म्हणजे वाचकास निरर्थक भासणारा मजकूर यंत्रासाठी हेतुपुरस्सर रचलेला असू शकतो.

भारतात दूरसंचार नियामक प्राधिकरणाने २००७ मध्ये नको असलेल्या व्यापारी दूरध्वनींना नकार नोंदविण्याची सोय केली. २०१८ च्या विनियमांनी व्यापारी संदेश पाठविणाऱ्यांची नावे व मजकुराचे नमुने यांची पूर्वनोंदणी आवश्यक ठरविली. माहिती तंत्रज्ञान अधिनियमाच्या कलम ६६ अ मध्ये उगमाविषयी दिशाभूल करणारे विद्युत्-टपाल दंडनीय होते. तथापि त्या कलमातील इतर तरतुदी संदिग्ध होत्या. नोव्हेंबर २०१२ मध्ये पालघर येथे फेसबुकवरील मतप्रदर्शनावरून दोन तरुणींना अटक झाल्यानंतर कलमास आव्हान देण्यात आले. २४ मार्च २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने श्रेया सिंघल खटल्यात ते संपूर्ण रद्द केले. अविष्कारस्वातंत्र्याचे रक्षण झाले. मात्र अनाहूत विद्युत्-टपालाविषयीची तरतूदही त्याबरोबर गेली.

सामाजिक परिणाम : जालना जिल्ह्यातील जाफराबादसारख्या तालुक्याच्या गावीही बँकेचा व्यवहार, शासकीय अनुदान व हवामान यांची वार्ता भ्रमणध्वनीवर येते. खरा व खोटा संदेश एकाच पडद्यावर शेजारी येत असल्याने फसवणुकीस वाव मिळतो. अफवांचे परिणाम याहून भीषण असतात. ऑगस्ट २०१२ मध्ये धमकीच्या अफवांमुळे ईशान्य भारतातील हजारो रहिवाशांनी बंगळूर, पुणे इ. शहरे सोडली, तेव्हा केंद्र शासनाने १५ दिवस घाऊक लघुसंदेशांवर निर्बंध घातले. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा (ता. साक्री) येथे मुले पळविणारी टोळी आल्याच्या अफवेवरून जमावाने नाथपंथी डवरी गोसावी या भटक्या जमातीतील पाच जणांना ठार मारले. भिक्षेसाठी गावोगाव फिरणे हीच त्यांची उपजीविका होती. त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एक संदेश एका वेळी पाचांहून अधिक ठिकाणी पुढे पाठविण्यास मर्यादा घातली. साखळीपत्राची प्रत काढणाऱ्यास निदान हाताने लिहावे लागे व तेवढा वेळ विचारास मिळे. नव्या साधनांत तो अवधी उरलेला नाही. म्हणून तांत्रिक गाळण्या व कायदे यांच्या जोडीला, उगम अज्ञात असलेला संदेश पुढे न पाठविण्याची प्राप्तकर्त्याची दक्षता हाच निवारणाचा सर्वांत परिणामकारक उपाय ठरतो.